बघून सांगती

रेवा, ईशान, आधी कारण सांगते, म्हणजे आजीला अचानक एवढं लिहायला काय झालं असा प्रश्न पडणार नाही. गेल्या रविवारी रेवा फोनवर म्हणाली की नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, भर बैठकीत, तिने ‘मला माहीत नाही’ असं उत्तर दिलं. नंतर तिच्या वरिष्ठांनी तिला बाजूला घेऊन समजावलं की इन्व्हेस्टमेंट बँकेत नव्या ॲनालिस्टने असं म्हणायचं नसतं. त्यावर मी लगेच म्हटलं, ‘बरोबर आहे त्यांचं. आत्मविश्वासाने उत्तर द्यावं.’ फोन ठेवला, चहा गाळला, आणि तो पिता पिता लक्षात आलं की हाच सल्ला मी पूर्वी एकदा एका मुलीला दिला होता. तो तिने मानला नाही, तेच बरं झालं. तेव्हा रेवा, माझं रविवारचं बोलणं मी मागे घेते. का घेते, ते फोनवर सांगण्यासारखं नाही. तुम्ही मध्येच ‘आजी, आवाज तुटतोय’ म्हणता.

त्या मुलीचं नाव मी लिहीत नाही. तिच्या कामात नावं न घेणं हा पहिला नियम असतो, आणि तिच्याबद्दल लिहिताना तो मीही पाळते.

तिला काहीही विचारलं की ती आधी पायात चपला सरकवायची. उत्तर नंतर. ‘पाणी आलं का गं?’ असं मी खालून विचारलं की वरच्या खोलीतून चपलांचा फटफट आवाज यायचा, मग तो गच्चीच्या जिन्यावर जायचा, मग टाकीचं झाकण वाजायचं, आणि मग ती कठड्यावरून डोकावून सांगायची, ‘आलंय बाई. करंगळीएवढी धार हाय.’ पाणी रोज सातला येतं, आता सव्वासात झालेत, म्हणजे आलं असणार, एवढं कुणीही बसल्या जागी सांगितलं असतं. ती सांगायची नाही. ‘थांबा, बघून सांगती,’ हे तिचं वाक्य. सांगते नाही, सांगती. मी उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं, पण मराठीही वाकडं ऐकवत नाही. मी ‘सांगते’ म्हणून सुधारायचे. ती ‘व्हय बाई, सांगते’ म्हणायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा सांगती.

आमच्या गल्लीत तिचं नाव पडलं बघूनताई. समोरच्या वहिनी मुद्दाम विचारायच्या, ‘बघूनताई, आज वार कुठला?’ ती हसायची. पण हसता हसता तिची नजर माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलेली मी पाहिली आहे.

ती इंदापूर तालुक्यातली, नरसिंहपूरच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. घरी बागायत, भाजीपाला आणि पेरू. बारामतीला कॉमर्सला आली तेव्हा तिचे वडील तिला घेऊन माझी वरची खोली बघायला आले. ती त्यांना आबा म्हणायची, म्हणून मीही आबाच म्हणू लागले, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असले तरी. मी माझे नियम वाचून दाखवले. ते तुम्हाला ठाऊक आहेत. दारामागे अजून लावलेले आहेत. आबांनी प्रत्येक नियमाला मान डोलावली. ती मात्र खोलीत शिरली, खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली आणि बाहेर येऊन म्हणाली, ‘कडी बसत न्हाय.’ खरंच बसत नव्हती. त्याआधी त्या खोलीत तीन मुली राहून गेल्या होत्या. एकीनेही मला हे सांगितलं नव्हतं.

आबा आठवड्यातून दोनदा वांगी, दोडकी, पेरू असं काहीबाही पिकअपमध्ये भरून बारामतीच्या बाजारात आणायचे. परत जाताना माझ्या पायरीवर बसून पाणी प्यायचे. कितीही सांगितलं तरी खुर्चीवर बसले नाहीत. मी एकदा त्यांना विचारलं, ‘आबा, हिला ही सवय कुठून लागली हो?’

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, ‘माझ्यामुळंच, बाई.’

मग त्यांनी सांगितलं. ती दहा वर्षांची असताना कालव्याच्या पाण्याची पाळी आली होती. आबा वरच्या अंगाला पाणी वळवत उभे होते आणि त्यांनी तिला खालच्या टोकाला पिटाळलं, कांद्याच्या रोपापर्यंत पाणी पोचलं का ते बघायला. ती वाटेत मैत्रिणींत रमली. शेजारच्या रानातला पाट भरून वाहत होता, तो पाहून तिने तिथूनच हाळी दिली, ‘पोचलं.’ आबांनी पाणी तोडलं. ते पोचलं नव्हतं. पुढची पाळी तीन आठवड्यांनी आली, तोवर रोप वाळून गेलं होतं.

‘मी काय बोललो न्हाय तिला,’ आबा म्हणाले. ‘नुसतं इचारलं, बघितलंवतंस का? तवापास्नं हे असं हाय.’ त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. ‘कधी कधी वाटतं, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. इसरून गेली असती.’

तिला बघायला एकदा पाहुणे आले होते, तीही गंमत सांगते. मुलगा शिकलेला, घरचं बरं. चहा-पोहे झाले, मुलीला काही विचारायचंय का असं त्यांनीच मोठेपणाने म्हटलं. ही म्हणाली, ‘बघून सांगती.’ कुणाला कळेना. मग आबांनी खुलासा केला की तिला घर बघायचंय. पाहुणे जरा बिचकले, पण नाही कसं म्हणणार? दुसऱ्या आठवड्यात बापलेक पिकअप घेऊन न कळवता त्यांच्या दारात हजर. अर्ध्या तासात परतले. नकार का दिलास, असं मी विचारलं तर म्हणाली, ‘मोठी सून उभ्यानं जेवत होती, बाई. वाढत वाढत. बसायला पाट होता शेजारी.’ एवढंच. त्या घराबद्दल एक वाईट शब्द पुढे कधी तिच्या तोंडून निघाला नाही.

कॉलेज झालं, सी. ए. झाली. या सगळ्यात सात वर्षं ती माझ्या वरच राहिली. मग मुंबईच्या एका मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँकेने तिला मुलाखतीला बोलावलं. ईशान, तू अजून लहान आहेस म्हणून सांगते: आपण जागा घेताना मधला माणूस धरतो ना, तसं एखादी कंपनी दुसरी कंपनी विकत घेते तेव्हा ही बँक मध्ये असते. जी कंपनी घ्यायची ती कशी आहे, तिचं मोल काय, हे कागदावर मांडायचं. त्यातलं सगळ्यात किचकट आणि सगळ्यात खालचं काम नव्या ॲनालिस्टकडे.

मुलाखतीची तालीम माझ्या पुढच्या खोलीत झाली. मी चष्मा लावून, फाइल घेऊन टेबलामागे बसले, आणि सगळं इंग्रजीत. कुणीतरी मला सांगितलं होतं की अशा मुलाखतीत आडवेतिडवे प्रश्न विचारतात. म्हणून मी विचारलं, बारामतीत चारचाकी गाड्या किती असतील? तिने चपलांकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, ‘आय विल सी अँड टेल.’

मी फाइल मिटली. तिला सांगितलं की हे इंग्रजी नाही, हे तुझं मराठीच इंग्रजी कपडे घालून आलंय. मोठ्या ठिकाणी म्हणतात, ‘लेट मी गेट बॅक टू यू.’ तिने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

मुलाखतीत तिला विचारलं, या भागात चहाच्या टपऱ्या किती असतील? तिने माझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. बाहेर पडली, आणि ऑफिसपासून मुक्कामाच्या वसतिगृहापर्यंत चालत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना मेल गेली: एवढ्या अंतरात एवढ्या टपऱ्या मी पाहिल्या, त्यावरून पूर्ण भागाचा अंदाज हा, आणि माझा अंदाज चुकला तर इतका चुकेल. त्यांनी तिला घेतलं. मी वर्षभर लोकांना सांगत होते की माझ्या एका वाक्यावर पोरीला नोकरी लागली.

ती मुंबईला गेली. खोलीची किल्ली परत देताना खिडकीची कडी एकदा लावून-उघडून दाखवली. दर रविवारी सकाळी नऊला फोन यायचा. पहिला महिना, म्हणाली, तिने नुसत्या रेघा सरळ केल्या. तक्त्यातल्या रेघा, पानावरच्या रेघा, कंपन्यांची चिन्हं एका ओळीत. तिची तक्रार नव्हती. कांदे लावतानाही सरी सरळच लागते, म्हणाली. तिला नवल वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ‘बाई, तुमचं वाक्य हितं सगळेच म्हणतात. मी वहीत लिहून ठेवती कोण कोण परत येणार ते. महिन्यात एकवीस जण यायचे होते. दोघंच आले.’

रविवारच्या त्या फोनवर तिची भाषा हळूहळू बदलत गेली. न्हायचं नाही झालं, हायचं आहे झालं. मला बरं वाटायला हवं होतं, इतकी वर्षं मीच तिला सुधारत होते. पण ‘सांगती’ काही गेलं नाही.

मग जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी चारला ती न कळवता फाटकात उभी. हातात लहानशी पिशवी. मी ओट्यापाशी मटार सोलत बसले होते. ती समोर बसली आणि तीही सोलायला लागली. नोकरी पक्की व्हायला तेव्हा तीन आठवडे उरले होते, हे मला ठाऊक होतं. आबांनी तर घरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगी पक्की झाली की वस्तीला जेवण घालायचं.

बऱ्याच शेंगा झाल्यावर ती बोलली. ‘बाई, एक शब्द हाय. सोमवारी तो माझ्या पानावर छापलेला पाहिजे. खरा हाय का न्हाय ते कुणी बघितलेलं न्हाय.’

तिची भाषा पुन्हा वस्तीवर गेलेली मी ऐकली. विचारलं, ‘कुठला शब्द?’

‘ते सांगता येत न्हाय.’

तिच्या साहेबांना तिने विचारलं होतं. ते म्हणाले होते, समोरच्या कंपनीने लिहून दिलंय ना, मग आपल्याला तेवढं पुरे. तसाच रिवाज होता, आणि साहेब काही वाईट माणूस नव्हता, हेही तिनेच सांगितलं. मग तुला का शंका, असं मी विचारलं. बसमधून वस्तीवर जाता-येता काहीतरी नजरेला पडलंय, म्हणाली, पण तेवढ्यावर बोलता येत नाही.

मी तिला जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. मी म्हटलं, ‘हे बघ, तू तिथे सगळ्यांत धाकटी. तीन आठवडे राहिलेत. दिलेला शब्द लिही आणि मोकळी हो. कुणी विचारलंच तर आत्मविश्वासाने म्हण, लेट मी गेट बॅक टू यू.’

ती सोलत राहिली. मग म्हणाली, ‘बाई, गेट बॅक म्हणजे परत येणं ना?’

‘हो.’

‘मग परत यायचं तर आधी जायला पाहिजे ना?’

माझ्या हाताखालून किती वर्ग इंग्रजी शिकून पास झाले, मोजलं नाही. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मला स्वतःलाही कधी पडला नव्हता. मी उरलेल्या शेंगा तिच्यापुढे सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात माल टाकून आबा पिकअप घेऊन आले. मीही बरोबर निघाले. तुमच्या आईला तेव्हा मी सांगितलं की हवा बदलायला गेले होते. खरं म्हणजे पोरगी काहीतरी वेडंवाकडं करून बसेल अशी मला धास्ती होती. खिडकीशी मी, मध्ये ती, आणि स्टिअरिंगवर आबा. काटेवाडी मागे पडली, दोन्हीकडे ऊस उभा, थंडी चांगली होती. कुठे चाललोय ते तिने सांगितलं नव्हतं आणि आम्ही दोघांनी विचारलं नव्हतं. इंदापूरच्या अलीकडे एका जागी ती म्हणाली, ‘आबा, हितं थांबा.’

समोर एक कारखाना होता, फळांचा गर काढून डबाबंद करणारा. आता त्याचे मालक बदललेत आणि पाटीही, म्हणून एवढं लिहिते.

आबा म्हणाले, ‘बंद हाय ते.’

‘तुमी बघितलंय?’

‘लोकं म्हणत्यात.’

तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. आबांनी गाडी बंद केली.

रस्त्याच्या अलीकडे चहाची टपरी होती. आम्ही बाकावर बसलो. टपरीवरच्या मावशींनी आमच्याकडे नीट पाहून घेतलं. आबांची टोपी धुतलेली, माझी साडी इस्त्रीची, पोरगी मध्ये गप्प. चहा देताना त्यांनी हळूच विचारलं, ‘मुलगा बघायला आलाय व्हय?’

आबा गोंधळले आणि खरं बोलून बसले. ‘न्हाय, कारखाना बघायला आलोय.’

‘कारखान्यातला मुलगा व्हय,’ मावशी म्हणाल्या. ‘बघा की. कारखाना चालूच असतोय. लाईट असतीया.’

म्हणजे लोक म्हणत होते बंद, मावशी म्हणत होत्या चालू. आणि दोन्ही सांगणारी माणसं चांगली होती. आम्ही दुसरा चहा घेतला. मग तिसरा. मला काहीच कळत नव्हतं, पण रस्त्यावरच्या गाड्या मी शिस्तीत मोजत होते. आत एकही वळली नाही.

शेवटी ती उठली, चपला नीट केल्या आणि रस्ता ओलांडून फाटकापाशी गेली. आत शिरली नाही. आम्ही तिच्यामागे. फाटकाला लागूनच वजनकाटा होता, ट्रक मालासकट तोलायचा. जमिनीच्या पातळीला भलामोठा लोखंडी पत्रा. उन्हाने तो छान तापला होता आणि त्याच्या मधोमध एक कुत्री चार पिल्लं घेऊन पसरली होती. शेजारच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तरी तिने मान उचलली नाही.

ती उकिडवी बसून गजांमधून बघत राहिली. ‘बाई, डोळं उघडल्यात. चालायला लागल्यात.’

‘गोड आहेत,’ मी म्हटलं.

‘गोड न्हाय, बाई. वीस दिवसांची हाईत.’

मला समजायला थोडा वेळ लागला. आबांना लागला नाही. ते स्वतःशीच म्हणाले, ‘ऐन पेरूच्या दिवसांत.’ वीस दिवस त्या पत्र्यावरून एक चाक गेलं नव्हतं. पण मी शिक्षिका, शंका काढली. म्हटलं, ‘अगं, आज रविवार आहे. सुट्टी असेल.’

‘आज रविवार हाय,’ ती म्हणाली. ‘पण पिल्लं काय आज झाली न्हाईत.’

‘मग बंदच आहे म्हण की.’

‘तसं नका म्हणू. आपण दोन तास बघितलं, एक गाडी आत गेली न्हाय, अन् काट्यावर कुत्री व्यालेली हाय. एवढंच म्हणा.’ तिने तेवढंच वहीत लिहिलं, वेळ टाकून. आबा तोवर वॉचमनशी बोलायला लागले होते, एखादं पिल्लू मिळेल का म्हणून. वॉचमन म्हणाला, दूध तुटलं की या, सगळी न्या, नाहीतरी हाकलायचीच हाईत.

दुपारच्या बसने ती गेली. पुढच्या रविवारी नऊला फोन आला. मी खुर्ची ओढून घेतली, एरवी उभ्यानेच बोलते.

तिने सोमवारी सकाळी साहेबांना सगळं सांगितलं, आपण तिथे जाऊन आलो हेही. साहेब संतापले. न विचारता गेलीस कशी? कुणी ओळखलं असतं, चर्चा झाली असती, तर सगळा व्यवहार उघड्यावर आला असता. ‘ते बरोबर बोलले, बाई,’ ती म्हणाली. ‘विचारून जायला पाहिजे होतं. ती माझी चूक.’ मग त्यांनी विचारलं, बघितलंस काय? तिने वहीतलं वाचून दाखवलं. कुत्रीपाशी ते हसले. पिल्लांच्या डोळ्यांपाशी हसायचे थांबले. त्यांनी समोरच्यांकडे काट्याच्या नोंदी मागितल्या. नोंदींत काय निघालं ते तिने मला सांगितलं नाही, आजवर नाही. पण पानावरचा तो शब्द निघाला. तो शब्द होता ‘बारमाही’. वर्षानंतर, सगळं जुनं झाल्यावर, तेवढा सांगितला.

तिची नोकरी मात्र तीन आठवड्यांनी पक्की झाली नाही. तीन महिने पुढे ढकलली. हे तिने करंगळीएवढी धार आहे म्हणावं तशा आवाजात सांगितलं. मग विचारलं, ‘बाई, माझं चुकलं का?’

मला लगेच काही तरी छानसं बोलता आलं असतं. मी म्हटलं, ‘थांब, विचार करून सांगते.’ पलीकडे ती हसली. पुष्कळ दिवसांनी.

ते तीन महिने तिला कुठल्या बैठकीत नेलं नाही. पुन्हा रेघा. आबांनी वस्तीवरच्या जेवणाचा विषय काढणं सोडून दिलं. पायरीवर बसले की नुसते विचारायचे, ‘फोन आलावता का?’ फेब्रुवारीच्या शेवटी येताना त्यांनी वांग्यांच्या पाटीत एक तांबडं पिल्लू आणलं आणि माझ्या पायरीवर ठेवलं. मी सांगितलं की माझ्या नियमांत कुत्रं बसत नाही. आबा म्हणाले, ‘राहू द्या चार दिस. काट्यावरलं हाय.’

तीन महिने संपायच्या आठवड्यात साहेबांनी एका नव्या कामाचे कागद तिच्या टेबलावर ठेवले आणि विचारलं, हे बघून येणार का? या वेळी विचारून. रविवारचा फोन त्या दिवशी शुक्रवारीच आला. पुढच्या महिन्यात वस्तीवर जेवण झालं. मी गेले होते. सगळ्या बायका बसून जेवल्या, आणि वाढायला आबा होते.

आणखी एक सांगायचं राहिलं. पुढे दोन-तीन वर्षांनी मी न्हाणीघरात घसरले आणि मनगट मोडलं. तुमच्या आईला मी फोनवर ‘बरी आहे’ म्हटलं. तिलाही रविवारी तेच म्हटलं, आवाज अगदी चोख ठेवून. ती ‘बरं’ म्हणाली. त्याच दिवशी दुपारी तीनला फाटक वाजलं. तीच होती. ‘म्हटलं, बघून जाते.’ माझ्या हाताचं प्लास्टर पाहिलं. वर जाऊन टाकी पाहिली, फ्रिजमधलं दूध हुंगून पाहिलं, औषधांच्या तारखा वाचल्या, खिडकीची कडी लावून पाहिली. पाच तासांचा रस्ता येऊन चाळीस मिनिटं थांबली आणि परतीच्या बसला गेली.

आता तीही लांब आहे. बँकेने तिला परदेशातल्या कचेरीत पाठवलं, त्याला तीन वर्षं झाली. तिथे ती नव्या मुलांना कामाला लावते. फोन येतो, दिवाळीला आणि मध्येच कधी. ‘बाई, कशा आहात?’ मी म्हणते, बरी आहे. ती ‘बरं’ म्हणते. आबांचे गुडघे गेलेत, बाजारात आता त्यांचा पुतण्या येतो. वरची खोली मी पुन्हा भाड्याने दिलेली नाही.

उरलं आहे ते एवढं. जिन्याखाली तिची मागे राहिलेली एक चप्पल आहे, डावी. उजवी त्या तांबड्या पिल्लाने पहिल्याच महिन्यात खाल्ली. आणि ते पिल्लू आहे. व्हिडिओवर तुम्ही ज्याला हात हलवता, तो काट्या. त्याचं नाव असं का, ते तुम्ही दोघांनी विचारलं होतं, ते हे. तो आता म्हातारा झालाय, एका कानाने ऐकू येत नाही. फाटक वाजलं की गल्लीतली बाकीची कुत्री जागेवरूनच भुंकतात. तो भुंकत नाही. उठतो, फाटकापर्यंत जातो, बघतो आणि परत येतो.